पार्किंगचे पैसे, निजामाचा वऱ्हाड आणि एक जुना भाडेपट्टा

मंडळी, आजचा विषय जरा विचित्र वाटेल. बिल्डर पार्किंगचे वेगळे पैसे मागतो, ते द्यायचे की नाही? आता या प्रश्नाचा निजामाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. थोडा धीर धरा.

वऱ्हाड, म्हणजे आजचे बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे, एकेकाळी अख्खाच्या अख्खा 'लीजहोल्ड' होता. हे अलंकारिक नाही, अक्षरशः खरं आहे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. कारण साधं होतं, देणी थकली होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाची एक फौज होती, ती निजामाच्या नावाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चालायची, आणि तिचा खर्च निजामाने करायचा. (म्हणजे सर्व्हर त्यांचा, पासवर्ड त्यांचा आणि बिल आपल्याला!) खर्च झेपेना, कर्ज वाढलं, आणि डलहौसीने वऱ्हाड लिहून घेतला. मुलूख निजामाचाच, फक्त कारभार आणि वसुली आमची, असा तो प्रकार होता. नावसुद्धा तसंच पडलं, 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग हा मुलूख परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षं झटले, १८७६ साली लंडनलाही जाऊन आले. उपयोग शून्य. मग १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम महबूब अली खान यांच्यात ५ नोव्हेंबरला करार झाला. त्यात ठरलं असं: वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य, पण मुलूख इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने, आणि भाडं दरसाल २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्याचा फुलफॉर्म केला, 'गेव्ह कर्झन बेरार'. लोक तेव्हाही असे जोक करत होते, बरं का.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. सातवे निजाम उस्मान अली खान यांनी १९२० च्या दशकात वऱ्हाड परत मागितला. मूळ मालक मी, करारातही तसं लिहिलंय, तर या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करा, एवढीच त्यांची मागणी होती. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिलं. सारांश असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तुम्ही बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही आणि हा विषय संपला. म्हणजे भाडेकरूने घरमालकाला सांगितलं, की तुझं नाव पाटीवर राहील, पण दार उघडायचं की नाही ते मी ठरवणार. १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी तेवढी मिळाली. मुलूख काही मिळाला नाही.

यातून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कागदावर 'मालक' कोण हा एक प्रश्न, आणि त्या जागेचा वापर कोण ठरवतो हा दुसरा प्रश्न. आपण बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर भांडत बसतो. पैसे मात्र दुसऱ्या प्रश्नावर वसूल होतात.

आता येऊ बुलढाणा जिल्ह्यात. माझे एक काका तिथल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. निवृत्त शिक्षक आहेत. फंडाच्या पैशातून त्यांनी फ्लॅट घेतला. आठ फ्लॅटची छोटी बिल्डिंग, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उभी मोकळी जागा, आणि तिथे पाच गाड्यांचे पट्टे मारलेले. ताबा घ्यायच्या वेळी बिल्डरच्या माणसाने एक चिठ्ठी पुढे केली: 'कव्हर्ड पार्किंग, रु. १,५०,०००'. पावती मिळणार का, तर नाही. आणि नाही दिले तर? "गुरुजी, मंग गाडी बाहेर रोडवर लावा."

काकांचा फोन आला. "अबे, दीड लाख? माही गाडीच तं सत्तर हजाराची आहे! मी काहून देऊ?"

(गाडी म्हणजे सेकंड हँड मारुती. ती घेताना त्यांनी महिनाभर घासाघीस केली होती, त्यामुळे किंमत तोंडपाठ.)

बिल्डरचं म्हणणं मात्र ऐकायला भारदस्त होतं. तो म्हणाला, प्लॉट नझूलचा आहे, म्हणजे सरकारी जमीन, आमच्या नावे पट्टा. तुम्हाला फक्त फ्लॅट विकला. खालची जागा पट्टेदाराची, म्हणजे आमची. तिचं काय करायचं ते आम्ही ठरवणार.

नझूल हा शब्द पुण्या-मुंबईच्या लोकांना नवीन असेल. विदर्भात मात्र घरोघरी माहीत आहे. गावठाणातली किंवा शहरातली सरकारी मालकीची, शेतीला न लागणारी जमीन म्हणजे ढोबळमानाने नझूल. नागपूर आणि अमरावती या दोन्ही महसूल विभागांत अशा जमिनी भरपूर आहेत आणि त्या भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. मुदत बहुधा ३० वर्षांची, मग नूतनीकरण, मग भाडेवाढ, विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. पट्टा संपला, नूतनीकरण राहिलं, अटीचा भंग झाला, अशी प्रकरणं पिढ्यान् पिढ्या फाइलीत पडून असतात. हे पट्टे मालकी हक्कात बदलून घेता यावेत म्हणून सरकारने २०१९ मध्ये धोरण आणलं आणि २०२४ मध्ये या दोन विभागांसाठी विशेष अभय योजनाही काढली. थोडक्यात काय, तर वऱ्हाडाचा मोठा भाडेपट्टा इतिहासजमा झाला, पण छोटे छोटे पट्टे अजून नांदताहेत.

तर बिल्डर म्हणतो तसं खरंच असतं का? पट्टेदार असल्यामुळे त्याला स्टिल्ट विकता येतं का?

यासाठी आपल्याला थोडं मागे, १९६० मध्ये जावं लागेल. तेव्हा मुंबईत 'ओनरशिप फ्लॅट' हा प्रकार जोरात होता, आणि फसवणूकही जोरात होती. पैसे घ्यायचे आणि बांधायचं नाही, नकाशा बदलायचा, सोसायटी करू द्यायची नाही, जमीन नावावर करून द्यायची नाही. सरकारने या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा जन्माला आला. त्याला सगळे 'मोफा' म्हणतात. कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय, की या धंद्यात गैरप्रकार वाढत चाललेत म्हणून हा कायदा करतोय. एवढ्या स्पष्टपणे बग रिपोर्ट लिहिलेला कायदा विरळा :)

मोफाची रचना सोपी आहे. बिल्डरने (कायद्याच्या भाषेत 'प्रवर्तक') नकाशे, जमिनीचे कागद, सामाईक सोयी हे सगळं आधी उघड करायचं. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा. मग सोसायटी करून द्यायची. आणि शेवटी जमीन व इमारत यांतला आपला सगळा हक्क, अधिकार आणि हितसंबंध त्या सोसायटीच्या नावे करून द्यायचा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कायदा 'मालकी' एवढंच म्हणत नाही. प्रवर्तकाचा जो काही हक्क असेल तो, असं म्हणतो. पट्टा असेल तर पट्टा. स्वतःकडे काही राखून ठेवायची सोय त्यात नाही.

पण मोफात एक गंमत आहे. 'फ्लॅट' या शब्दाच्या व्याख्येत लिहिलंय, की त्यात गॅरेजचाही समावेश होतो. झालं! या एका शब्दावर महाराष्ट्रातले बिल्डर जवळजवळ पन्नास वर्षं पार्किंग विकत राहिले. युक्तिवाद असा: फ्लॅट विकता येतो, गॅरेज म्हणजे फ्लॅट, स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज, म्हणून स्टिल्ट विकता येतं. आपल्या धंद्यात याला टाइप कास्टिंग म्हणतात. कंपायलर ओरडला नाही म्हणून प्रोग्राम बरोबर आहे असं होत नाही.

शेवटी कंपायलर ओरडला, तो मुंबईत, दहिसर पूर्वेला. आनंद नगरमध्ये नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीने काही इमारती बांधल्या होत्या. त्यातली एक 'पांचाली'. तळमजला अधिक चार मजले, ए ते जी अशा सात विंग, एकूण ५६ फ्लॅट. आणि स्टिल्टमध्ये पार्किंगच्या २५ जागा. (निजामाचं भाडं २५ लाख, इथे जागा २५. योगायोग, पण मला आवडला.)

आता गंमत बघा. दावा लावला कोणी? रहिवाशांनी नाही, कंपनीने! सोसायटी आमच्या २५ जागांवर अतिक्रमण करतेय, तिला कायमची मनाई करा, अशी कंपनीची मागणी होती. कंपनीच्या हातात भक्कम कागदही होते. फ्लॅट घेताना खरेदीदारांनी लिहून दिलं होतं, की स्टिल्टच्या जागांवर आमचा काही हक्क नाही आणि बिल्डरने त्या कोणालाही विकल्या तरी आमची हरकत नाही. असे कागद आपण सगळेच सही करतो. चावी समोर दिसत असते, चाळीस पानांचा गठ्ठा असतो आणि 'इथे, इथे आणि इथे' असं म्हणत एक बोट फिरत असतं. सही करणार नाही तर काय करणार?

शहर दिवाणी न्यायालयाने ४ एप्रिल २००७ ला दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००८ ला अपील फेटाळलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती ए. के. पटनायक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तो असा:

एक, सुटं गॅरेज म्हणजे फ्लॅट नव्हे. गॅरेज हे फ्लॅटला जोडून येतं, फ्लॅटशिवाय त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही.

दोन, स्टिल्टमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेजसुद्धा नव्हे. चार खांब आणि वर स्लॅब असलेल्या जागेला साधा माणूस गॅरेज म्हणेल का? नाही ना? मग कायदाही म्हणणार नाही.

तीन, म्हणून स्टिल्ट हा इमारतीचा सामाईक भाग आहे. जिना, गच्ची, पॅसेज यांच्या रांगेतला.

चार, सामाईक भागांचा खर्च फ्लॅटच्या किमतीत कार्पेट एरियाच्या प्रमाणात धरता येतो. पण धरला काय आणि न धरला काय, जागा सामाईकच राहते. तिची सुटी विक्री करता येत नाही.

आणि त्या लिहून दिलेल्या कागदांचं काय? कायद्यात किंवा नमुना करारात अशा लिहून देण्याला जागाच नाही, म्हणून त्यांच्या जोरावर बिल्डरला हक्क मिळत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. निजामाच्या प्रकरणात करार होता, पण ताकद नव्हती, म्हणून कराराला किंमत राहिली नाही. इथे उलट झालं. बिल्डरकडे ताकदीने मिळवलेला करार होता, आणि कायदा म्हणाला, या कागदाला किंमत नाही.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे मुंबईचं झालं. इथं कोण इचारते?" प्रश्न बरोबर होता. कायदा राज्यभर एकच असला तरी छोट्या गावात बिल्डर, त्याचा वकील आणि नगरसेवक एकाच लग्नात जेवायला असतात.

म्हणून आधी हे पाहिलं, की कोणता कायदा लागू आहे. २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून लोकांना वाटतं, की सगळं रेरात बसतं. तसं नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्प रेरात नोंदवायची गरज नाही. काकांची बिल्डिंग बरोब्बर आठ फ्लॅटची. (हाही योगायोग नसावा. तालुक्याच्या गावी आठ फ्लॅटच्या बिल्डिंगी इतक्या का दिसतात, विचार करा.) त्यामुळे तिथे मोफा आणि त्यावरचा पांचालीचा निकाल थेट लागू.

रेरात नोंदवलेल्या प्रकल्पात चित्र थोडं वेगळं आहे, आणि पुण्या-मुंबईत फ्लॅट बुक करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. रेरात मोकळ्या जागेतलं, म्हणजे आकाशाखालचं पार्किंग हे सामाईक क्षेत्रात धरलंय, ते विकता येत नाही. गॅरेजची व्याख्या पक्की केलीय: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत 'कव्हर्ड पार्किंग' असा तिसरा प्रकार आणला गेला. तळघर, स्टिल्ट, पोडियम, यांत्रिक पार्किंग हे सगळं त्यात येतं आणि त्याचे पैसे करारात दाखवून घेता येतात. महारेराने २०२१ च्या परिपत्रकात हाच फरक पुन्हा सांगितला. २०२४ मध्ये तर पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहायला सांगितली, कारण खांबाच्या मागे अशा जागा दिल्या जात होत्या, की गाडी आत गेली तर दार उघडत नाही. म्हणजे पांचालीने जे दार बंद केलं, ते मोठ्या प्रकल्पांपुरतं नियमांनी पुन्हा किलकिलं केलं. हे मला पटत नाही, पण आहे हे असं आहे.

जाता जाता एक चक्कर इंग्लंडची. भाडेपट्टा हा शब्द आपल्याला ज्यांनी शिकवला, त्यांच्याकडे आज काय चाललंय? तिथे लाखो लोक लीजहोल्ड फ्लॅटमध्ये राहतात, आणि तिथली डोकेदुखी म्हणजे खाजगी पार्किंग कंपन्या. बिल्डिंगची व्यवस्था बघणारी एजन्सी एखाद्या कंपनीला ठेका देते, ती पाट्या लावते आणि चुकलात की दंडाची चिठ्ठी. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात असं एक प्रकरण गेलं. चेम्सफर्डच्या एका दुकानांच्या संकुलात दोन तास पार्किंग फुकट होतं, एक गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले, आणि ८५ पौंडांची आकारणी झाली. न्यायालयाने ती वैध ठरवली. पाटी स्पष्ट होती, रक्कम अवाजवी नव्हती.

झालं, सगळ्या कंपन्यांना जोर आला. पण पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात दुसरं प्रकरण आलं. एका लीजहोल्ड फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईंनी टेबल वर न्यायचं म्हणून दारापाशी थोडा वेळ गाडी उभी केली, तर चिठ्ठी लागली. अपिलात न्यायाधीशांनी सांगितलं, की सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. आणि दुसरं म्हणजे, या बाईंचे हक्क त्यांच्या भाडेपट्ट्यातून आलेत. नंतर आलेली पार्किंग कंपनी पाटी लावून ते हक्क एकतर्फी कमी करू शकत नाही. दुकानात आलेला पाहुणा पाटी मानून आत येतो. घरात राहणारा पाटीच्या आधीपासून तिथे असतो. किती साधी गोष्ट!

परत वऱ्हाडात येऊ, कारण 'पैसे कोण ठरवतं' या प्रश्नाचं एक जुनं उदाहरण इथलंच आहे. कापसाच्या बाजारांवर कायद्याने नियंत्रण ठेवायची देशातली सुरुवात वऱ्हाडात झाली. १८८६ मध्ये कारंजा इथला बाजार, आणि मग १८९७ चा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा. बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव तेव्हा कापसाची मोठी पेठ होती, इतकी की जलंबहून तिथवर रेल्वेचा खास फाटा १८७० मध्येच टाकला होता. कायद्याचा हेतू चांगला, बाजारातल्या मनमानीला आळा घालायचा. पण बाजाराच्या समितीत भरणा व्यापाऱ्यांचा. ज्याच्या मालावर फी बसायची, त्या शेतकऱ्याला जागा नव्हती. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने नेमकं याच उणिवेवर बोट ठेवलं. नियम होते, समिती होती, पावती होती. फक्त पैसे देणारा माणूस ठरवणाऱ्यांत नव्हता.

असो. काकांच्या बिल्डिंगचं काय झालं ते सांगतो.

आधी करार वाचला. त्यात पार्किंगच्या किमतीचा उल्लेखच नव्हता. मग माहिती अधिकारात दहा रुपये भरून नगर परिषदेकडून मंजूर नकाशा मागवला. हे काम महिन्याभरात झालं. नकाशात स्टिल्टवर स्वच्छ लिहिलं होतं, 'पार्किंग', आणि ते दाखवल्याशिवाय आठ फ्लॅटना मंजुरीच मिळाली नसती. वर हे क्षेत्र एफएसआयमध्ये धरलेलं नव्हतं. म्हणजे बिल्डरला ही जागा रहिवाशांच्या गाड्यांसाठी म्हणून सवलतीत मिळाली होती, आणि तीच तो रहिवाशांना विकत होता.

मग आठांपैकी सहा घरं एकत्र आली. (दोघांनी आधीच पैसे दिले होते. बिनपावतीचे.) सहा सह्यांचं एक पानाचं पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. भाषा साधी ठेवली: आपण मागितलेल्या रकमेचा कराराशी संबंध दाखवा. स्टिल्ट सामाईक आहे, सर्वोच्च न्यायालयाचा अमुक तारखेचा निकाल पाहा. नझूलचा पट्टा सोसायटीच्या नावे करून देण्याची प्रक्रिया सुरू करा. अन्यथा आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही, हेही काकांनी मुद्दाम लिहिलं. शिक्षक माणूस, पत्रात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती!

बिल्डरने उत्तर दिलं नाही. पण दीड लाखाची मागणीही पुन्हा आली नाही, आणि पट्ट्यांवर रंगवलेले नंबर एका रविवारी पुसले गेले. त्या दोघांचे पैसे मात्र अजून अडकलेत. पावती नाही, चेक नाही. म्हणून सांगतो, पार्किंगसाठी रोख पैसे कधीही देऊ नका. कायदा तुमच्या बाजूने असून उपयोग नाही, पुरावा पण तुमच्या बाजूने पाहिजे.

आता खरी मजा. जिंकल्यावर सहा महिन्यांत भांडण सुरू झालं, आपापसांत! जागा पाच, घरं आठ, त्यातल्या सात घरांकडे चारचाकी. जागा सगळ्यांची म्हणजे कोणाचीच ठरलेली नाही. जो लवकर येईल त्याची. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या ताई संध्याकाळी सातला येतात, त्यांना कधीच सावली नाही. पैसे दिलेले दोघे म्हणतात, आम्ही तर विकत घेतलीय. काका म्हणाले, "बिल्डर बरा होता रे, एकाशीच भांडण होतं."

पण याचंही उत्तर आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पार्किंगचा वेगळा भाग आहे. जागा वाटते समिती, पण धोरण आणि दर ठरवते सर्वसाधारण सभा. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. मिळालेली जागा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि ज्याला जागा मिळाली, त्याने सोसायटीला शुल्क द्यायचं. हे शुल्क आणि बिल्डरचं शुल्क यांत गल्लत करू नका. दोन्हीचं नाव पार्किंग चार्जच, पण एक रक्कम सामाईक जागा वापरल्याबद्दल सगळ्यांच्या खात्यात जाते आणि तुमच्या मतानेच ठरते. दुसरी रक्कम जागा आधीच ज्यांची आहे त्यांच्याकडून तिसराच घेतो. पहिली निमूटपणे भरा. दुसरी लेखी मागा, मग बघू.

पांचालीचे आकडे पुन्हा बघा. ५६ फ्लॅट, २५ जागा. सर्वोच्च न्यायालयात जिंकल्यावरही ३१ घरांना जागा नाहीच. न्यायालयाने जागा वाढवून दिली नाही, फक्त वाटणी कोणी करायची ते सांगितलं. काकांच्या सोसायटीत आता दरवर्षी गुढीपाडव्याला चिठ्ठ्या निघतात, शुल्क महिना दोनशे रुपये. यंदा बँकवाल्या ताईंचा नंबर लागला. काकांचा नाही लागला. त्यांची मारुती सध्या रोडवर असते, कडुनिंबाखाली, आणि पक्ष्यांनी केलेल्या नक्षीबद्दल ते रोज तक्रार करतात. पण सभेच्या वहीत त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'ठराव एकमताने मंजूर'.